गॅस की डिझेल? पिकअप घेण्याआधी कॅरेटचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा ओतूरहून आला तो दोन शोरूमची कोटेशनं खिशात घेऊनच. चहा पुढे ठेवला तरी त्याचं लक्ष नव्हतं. "मामा, गॅसची घेऊ की डिझेलची?" एवढंच त्याला हवं होतं. आमच्याकडे गॅसची गाडी म्हणजे सीएनजीची, हे वेगळं सांगावं लागत नाही. मी एकोणीस वर्षं पिकअप चालवतोय. दारात आज दोन उभ्या आहेत, एक सतराशे किलो पासिंगची (म्हणजे तेवढा माल भरायची परवानगी असलेली) डिझेलची आणि एक टनाची गॅसची. मामा एका शब्दात सांगून मोकळा होईल, असं त्याला वाटलं असणार. मी उलट विचारलं, "भरणार काय?" तर म्हणाला, "मिळेल ते."

या उत्तरावर कर्ज काढू नका, हे मी त्याला सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. गाडी डिझेलची चांगली की गॅसची चांगली, या वादात पारावर अख्खी संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. दोन्ही चांगल्या आहेत. तुमचा माल कोणता, तो कुठे जातो आणि किती वाजता निघतो, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर आपोआप पुढे येतं.

आधी महिनाभर वही

गाडी घेण्याआधी एक महिना भाड्याच्या गाडीने माल पाठवा, किंवा ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याबरोबर फिरा. रोज वहीत लिहा: काय भरलं, किती कॅरेट किंवा किती जुड्या, कुठे उतरवलं, किती वाजता निघालो, किती वाजता गाळ्यावर पोचलो, येताना रिकामे आलो की काही भरून आणलं. महिन्याच्या शेवटी सगळ्यात मोठा दिवस बाजूला काढा, सगळ्यात लहान बाजूला काढा आणि मधला दिवस कसा आहे ते बघा. गाडी त्या मधल्या दिवसासाठी घ्यायची.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. आमच्या भागात त्या महिन्यात कितीतरी जणांनी मोठ्या गाड्या बुक केल्या. सप्टेंबर येईपर्यंत टोमॅटो किलोला चार-पाच रुपयांवर आला आणि शेतकऱ्यांनी तो बांधावर ओतला. गाडीचा हप्ता मात्र जुलैच्या भावाने ठरलेला होता. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी त्या गाड्या वर्षभरात विकल्या. त्यांची चूक इंधन निवडण्यात झाली नव्हती. एका सोन्यासारख्या महिन्याकडे बघून त्यांनी पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतला होता.

आरसीवरचे दोन आकडे

शोरूममध्ये "दोन टन आरामात जातो" असं सांगितलं जातं. तुम्ही त्या मॉडेलची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद मागा, आधी विकलेल्या एखाद्या गाडीची झेरॉक्स. तिच्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. मोठ्यातून लहान वजा करा. राहील त्यातून ड्रायव्हर-क्लीनरचे दीडशे किलो, ताडपत्री, दोरखंड आणि तुम्ही बाहेर बसवून घेणार असाल ती वाढीव जाळी वजा करा. आता जे उरलं ते तुमचं.

गॅसच्या गाडीत इथेच एक गोष्ट लपलेली असते. लोखंडी सिलिंडर जड असतात. साठ लिटर पाण्याच्या मापाच्या सिलिंडरमध्ये गॅस बसतो जेमतेम नऊ-दहा किलो, पण सिलिंडरचं स्वतःचं वजन त्याच्या सहापट-सातपट. त्यामुळे एकाच मॉडेलची डिझेल आणि गॅस अशी जोडी असेल, तर गॅसवालीचं पासिंग अनेकदा कमी निघतं. सिलिंडर बहुतेक गाड्यांत हौद्याखाली चासीला बांधलेले असतात. खाली वाकून त्यांच्याभोवतीचं गार्ड बघा. आमच्यासारखं ज्यांना बांधावरून, ओढ्यातून, पावसाळ्यात चिखलातून गाडी रानापर्यंत न्यावी लागते, त्यांनी जमीन आणि सिलिंडर यांच्यामध्ये किती वीत अंतर राहतं ते हाताने मोजावं. तेही गाडी भरलेली असताना, कारण पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दबले की हे अंतर कमी होतं.

किलोमीटरचा हिशेब अपुरा आहे

सगळे विचारतात, "अॅव्हरेज किती?" मीही बरीच वर्षं तेच बघत होतो. पण आपण किलोमीटर विकत नाही, माल विकतो. खर्च कॅरेटवर बसवून बघा, चित्र बदलतं.

माझ्या वहीतून एक फेरी मांडतो. नारायणगाव ते पुण्याचं गुलटेकडी मार्केट यार्ड, जाऊन-येऊन १६० किलोमीटर धरा. हिशेबासाठी डिझेल लिटरला ९१ रुपये आणि सीएनजी किलोला ८८ रुपये धरतो; तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा दर घाला. माझी डिझेलची गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी, अशी लिटरला बाराच्या आसपास देते. म्हणजे फेरीला साधारण १,२१३ रुपये. एक टनाची गॅसची गाडी किलोला पंधरा देते. फेरीला ९३९ रुपये. किलोमीटरवर बघितलं तर गॅस सरळ जिंकतो, फेरीमागे २७४ रुपये वाचतात.

आता कॅरेटवर या. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट प्लास्टिकसकट २२ किलो धरलं, तर एक टनात बसतात ४५ आणि सतराशे किलोत ७७. दोन्ही गाड्या पूर्ण भरल्या तर गॅसवालीचं कॅरेटमागे इंधन २१ रुपयांच्या जवळ जातं आणि डिझेलवालीचं १६ रुपयांच्या आत राहतं. पण डिझेलवालीत त्या दिवशी ४५ च कॅरेट असतील, तर तिचा खर्च कॅरेटमागे २७ रुपये होतो. दोन्हींचा खर्च सारखा कुठे होतो? डिझेलवालीत ५८ कॅरेट असतील तिथे. माझ्या या रस्त्यावर, या दराला, रोजचा माल ४५ कॅरेटच्या आत असेल तर लहान गॅसची गाडी परवडते. ५८ च्या वर असेल तर मोठी डिझेलची.

मधले अडकतात. पन्नास-बावन्न कॅरेटवाल्याने लहान गाडीत पाच-सात कॅरेट वर चढवायची ही नेहमीची सवय, आणि मी हात जोडून सांगतो, ती करू नका. दंड ही त्यातली लहान गोष्ट. ब्रेक आणि टायर त्या वजनासाठी बनवलेले नसतात, आणि घाटात उतरताना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मधल्या मापाच्या माणसाने मोठ्या पासिंगची गॅस पिकअप बघावी. काही वर्षांपूर्वी हा पर्याय नव्हता. गॅस म्हटलं की छोटा हत्ती किंवा एक टन, एवढंच होतं. आता दीड टनाच्या वरच्या पिकअपही कंपनीच्या सीएनजीत मिळतात.

सारख्या मापाच्या दोन गाड्या समोर असतील, तर हिशेब आणखी सोपा होतो. समजा गॅसवाली ६०,००० रुपयांनी महाग आहे आणि मोठी असल्यामुळे किलोला तेराच देते. त्याच फेरीला तिचं इंधन १,०८३ रुपये, म्हणजे डिझेलपेक्षा १३० रुपये कमी. साठ हजार भागिले एकशे तीस, साधारण ४६० फेऱ्या. महिन्याला २० फेऱ्या असतील तर २३ महिन्यांनी वरचे पैसे फिटतात, मग बचत तुमची. महिन्याला आठच फेऱ्या असतील तर जवळजवळ पाच वर्षं लागतात, आणि मग गॅसच्या मागे धावण्यात अर्थ उरत नाही. हा भागाकार कोटेशनच्या पाठीवर करता येतो. करूनच सही करा.

घाट भरलेला चढता की उतरता?

ही गोष्ट शोरूममध्ये कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धा निर्णय हिच्यावर आहे.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. त्यात जास्त हवा आत ढकलणारा टर्बो असतो. त्यामुळे इंजिन हळू फिरत असतानाच ओढ मिळते, वजन घेऊन चढावर गाडी "उचलते". गॅसचं इंजिन मुळात पेट्रोलच्या जातीचं, ठिणगीवर चालणारं. गॅस आत येताना हवेची जागा घेतो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलवर जेवढी ताकद देतं, त्यापेक्षा गॅसवर साधारण दहा टक्के कमी देतं. सपाटीवर हे जाणवतही नाही. चढावर भरलेली गाडी असेल तर गिअर लवकर खाली घ्यावा लागतो आणि इंजिन जास्त फिरवावं लागतं. गॅसची गाडी घाटात चढत नाही असं नाही, ती वेगळ्या हाताने चालवावी लागते. डिझेलच्या सवयीचा ड्रायव्हर तिला तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहतो, गाडी धापा टाकते, आणि मग तो गाडीला नावं ठेवतो.

आता तुमचा नकाशा काढा. आमचा कांदा-भाजीपाला माळशेज उतरून मुरबाड, कल्याणवरून वाशीला जातो. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. आमच्यासाठी चढाच्या ताकदीपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. रिकामी गॅसची गाडी माळशेज हसत चढते. उलट रत्नागिरीचा आंबा कोल्हापूरला नेणाऱ्याचं बघा. त्याला आंबा घाट भरलेल्या गाडीने चढायचा असतो, तोही एप्रिल-मेच्या उन्हात. त्याला मी डोळे मिटून डिझेल सांगेन. सह्याद्री तोच, पण माल कुठल्या दिशेला जातो त्यावर इंजिन ठरतं. तुम्ही वाशीहून येताना खत, पेंड किंवा किराणा भरून आणत असाल, तर तुमचाही हिशेब पालटला.

उतरताना इंधन कुठलंही असो, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे मी पाहिलेत. त्यांच्या ब्रेकच्या वासाने माळशेजच्या धुक्यातसुद्धा मागच्या गाडीला कळतं की पुढे काय चाललंय.

पंपावर जाऊन उभे राहा

गॅसची गाडी घ्यायची म्हटली की माणसं फोनवर नकाशा उघडून पंप मोजतात. पंप किती आहेत हे पुरेसं नाही. तुम्ही ज्या वेळी निघणार त्या वेळी त्या पंपावर जाऊन एक तास उभे राहा. मंगळवारी जा, आणि शनिवारीही जा. किती गाड्यांची रांग आहे, रांगेत रिक्षा किती आणि बस किती, आणि मुख्य म्हणजे नोझल लावल्यावर दाबाचा काटा कुठे थांबतो ते बघा.

पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅसचा दाब २०० बार असतो. काही पंपांना पाइपलाइनने गॅस येतो, तिथे कॉम्प्रेसर चालू असतो आणि दाब बहुधा नीट मिळतो. काही पंपांना ट्रकवरच्या सिलिंडरांतून गॅस येतो. ट्रक नुकता लागलेला असेल तर चांगला दाब, ट्रक रिकामा होत आला की काटा दीडशेलाच थांबतो. पैसे तुम्ही किलोवर देता, म्हणून फसवणूक होत नाही, पण टाकी पाऊणच भरली जाते आणि वाशीला पोचेल असं वाटलेली गाडी कल्याणलाच पंप शोधायला लागते. उन्हाच्या वेळेलाही हेच होतं. झटकन भरताना गॅस तापतो, तापलेला गॅस दाब लवकर दाखवतो आणि आत कमी बसतो. पहाटे भरा, फरक तुम्हाला दिसेल.

मला हे महागात कळलं. गॅसची गाडी घेतली त्याच वर्षी मी मेथी घेऊन वाशीला निघालो होतो. वाटेतल्या एका पंपावर रात्री साडेअकराला रांगेत लागलो. पुढे अकरा गाड्या. अर्ध्या तासाने दाब गेला, पंपवाला म्हणाला गाडी येतेय. ती पावणेदोनला आली. मेथी जुडीच्या आत गरम होते, हे भाजीवाल्याला सांगायला नको. ताडपत्री उचलून मी हात घातला तर आतून वाफ येत होती, पानांचा तो गोडसर कुबट वास लागला होता. गाळ्यावर पोचलो तोवर पहिलं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. आडत्याने विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात दिली, तिच्यात आमचं भाडंही सुटलं नव्हतं, आणि माल माझा नव्हता, शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईचा होता. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या दिवसापासून नाशवंत माल घेऊन निघताना मी आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवतो, आणि रात्रीत दीडशे किलोमीटरच्या पुढचं भाडं असेल तर डिझेलची गाडी काढतो.

यातूनच एक प्रश्न विचारायला शिका: गॅसच्या गाडीत पेट्रोलची टाकी किती मोठी आहे? काही गाड्यांत पाच लिटरची, जवळचा पंप गाठण्यापुरती असते. काही दुहेरी इंधनाच्या गाड्यांत तीस-पस्तीस लिटरची पूर्ण टाकी असते. पेट्रोलवर चालवणं महाग पडतं, पण मेथी वाचते. ग्रामीण भागात राहणाऱ्याने मोठी पेट्रोल टाकी असलेलीच गॅसची गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिझेल आता पूर्वीचं राहिलेलं नाही

माझे वडील म्हणायचे, डिझेलची गाडी म्हणजे बैल, चारा टाका आणि जुंपा. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि हे चित्र बदललं. नव्या डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर बसवलेला असतो. तो धुरातली काजळी धरून ठेवतो. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून तो फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. हे व्हायला गाडी वीस-तीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते.

ज्याची गाडी रोज पुणे किंवा वाशी करते, त्याला हे कळतही नाही. ज्याची गाडी रानातून बाजार समिती आणि परत, अशी सहा-सात किलोमीटरच धावते, त्याचा फिल्टर चोंदतो. एका हिवाळ्यात माझ्या डिझेल गाडीला नेमकं हेच काम होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी चार दिवस तसाच फिरलो. पाचव्या दिवशी गाडीने ताकदच सोडली, अॅक्सिलरेटर दाबून चाळीसच्या वर जाईना. फिटरने सांगितलं, पहिल्याच दिवशी आळेफाटा पार करून संगमनेरच्या दिशेने अर्धा तास चौथ्या गिअरमध्ये नेली असती तर काहीच झालं नसतं. तेव्हा दिवा लागला की रस्ता धरा. आणि ही काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो, म्हणून तेव्हा गाडी वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका.

काही मॉडेलना निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते. तिच्यात डीईएफ भरतात, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. आपल्या घरात युरियाची गोणी असते, म्हणून हे वाचताना कुणाच्या डोक्यात काय येतं ते मला ठाऊक आहे. खताचा युरिया पाण्यात कालवून तिथे ओतू नका. त्याच्यावर कडुनिंबाचं लेपण असतं, इतर अशुद्ध घटक असतात. नळ्या आणि फवारा चोंदतात आणि दुरुस्तीत दोन हंगामांची बचत जाते. कॅन विकत घ्या, सीलबंद आहे का बघा. टाकी रिकामी पडली तर गाडी ताकद कमी करते, आणि काही गाड्या बंद केल्यावर परत चालूच होत नाहीत. घेण्याआधी विचारा, या मॉडेलला डीईएफ लागतं का. लागत नसेल तर एक व्याप कमी.

डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो दर आठवड्याला सैल करून पाहा. डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेल इंजेक्टरला पाण्याचा एक थेंबही सोसत नाही.

गॅसची निगा वेगळी

गॅसमध्ये धुराची कटकट नाही, डीपीएफ नाही, इंजिन आवाज कमी करतं. पण तारखा सांभाळाव्या लागतात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावीच लागते, सिलिंडर खाली उतरवून पाण्याच्या दाबाने तपासतात. या सिलिंडरांचे नियम पेसो ही केंद्राची संस्था बघते, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टेस्ट तिने मान्यता दिलेल्या केंद्रातच करून घ्या. गाडीवर छोटी पाटी लावलेली असते, तिच्यावर पुढची तारीख असते. तारीख उलटली की पंपावर गॅस मिळत नाही, आणि मिळाला तरी घेऊ नये. टेस्टला गाडी दिली की एक-दोन दिवस धंदा बंद, म्हणून ती हंगाम सुरू होण्याआधी उरका.

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदला. गॅस कोरडं इंधन आहे, व्हॉल्व्हच्या बैठकी त्याने लवकर झिजतात, म्हणून व्हॉल्व्हचं अंतर सांगितलेल्या किलोमीटरला तपासून घ्या. जुन्या गाडीला बाहेरून गॅसचं किट बसवायचं कुणी सुचवलं, तर मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद याशिवाय हात लावू देऊ नका. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

मुंबईत माल नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेच्या प्रदूषणावरून मुंबई उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये एक समिती नेमली. महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करून सीएनजी आणि विजेवरच्याच ठेवता येतील का, हे तिने पाहायचं. पाच वर्षांचा हप्ता घेऊन फक्त वाशीच करणार असाल, तर हा विषय कानावर असू द्या.

शेवटची परीक्षा, भरलेल्या गाडीने

शोरूमची रिकामी डेमो गाडी हायवेवर फिरवून काही कळत नाही. ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे अशा माणसाला एका फेरीचं भाडं द्या आणि तुमचा माल त्याच्या गाडीत भरा. चढावर मध्येच गाडी थांबवायला सांगा. हँडब्रेक ओढा, दहापर्यंत मोजा, मग पहिल्या गिअरमध्ये उचला. क्लचचा जळका वास आला का? गाडी मागे किती सरकली? इंजिन थरथरलं का? मग चाकणच्या गर्दीत शिरा, कारण पुण्याच्या फेरीतला अर्धा वेळ तिथेच जातो. तिथे तासभर पहिला-दुसरा करून डाव्या पायाला काय वाटतं ते बघा. रोज हा पाय तुमचाच असणार आहे.

भाच्याने महिनाभर वही लिहिली. "मिळेल ते" गळून पडलं आणि खरं काम पुढे आलं: कोथिंबीर आणि मेथी, आठवड्यातून पाच दिवस, पुणे मार्केट यार्ड. कोथिंबीर जागा खाते, वजन करत नाही. हौदा शिगोशीग भरला तरी आठशे किलोच्या वर जात नव्हता. रस्त्यात भरलेल्या गाडीने चढायचा मोठा घाट नाही. आणि त्याच्या निघायच्या वेळेला, पहाटे साडेतीनला, त्याच्या वाटेवरच्या पंपावर तीन वेळा जाऊन आलो तर दोनदा रांगच नव्हती. त्याने एक टनाची, मोठ्या पेट्रोल टाकीची गॅसची गाडी घेतली. वाशीचं भाडं आलं तर ते माझ्या डिझेलला द्यायचं, आणि माझ्याकडे लहान पुण्याचं आलं तर त्याला, असं आमचं ठरलं आहे.

गाडी दारात आली त्या दिवशी भाचेसुनेने औक्षण केलं, नारळ फोडला. मग वहीच्या पहिल्या पानावर तिने सिलिंडरच्या पाटीवरची तारीख लिहिली आणि खाली दुसऱ्या ओळीत पहिल्या फेरीचा आकडा मांडला: कोथिंबीर ६१० किलो, गॅस १०.४ किलो.